लाभ आणि अकरा

"गाठ सोराची नाय. पाय घसरला त घसरूंदे, पाटी पडली त पडूंदे, पन गाठ सोराची नाय."

सगुणाबाई हे रोज सकाळी बांधावर पाऊल टाकण्याआधी म्हणत, आणि मग बारा कोवळ्या मुठी माझ्यावर घट्ट आवळल्या जात. आज इतक्या वर्षांनीही तो आवाज माझ्या पिळापिळात आहे.

मित्रांनो, मी एक जुना काथ्याचा दोर आहे. ठाण्याच्या एका शाळेत, फळ्यामागच्या खुंटीवर माझा मुक्काम असतो. माझा जन्म मात्र इथला नव्हे. दक्षिण कोकणात खाडीच्या चिखलात नारळाची सोडणे महिनोन्‌महिने कुजवली, बायकांनी ती बडवून धागे काढले आणि दोघा माणसांनी मला पीळ घातला. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी एका मचव्यातून मी ठाण्याजवळच्या कोपरीला आलो आणि गोपीनाथच्या मिठाच्या होडीवर कामाला लागलो.

गोपीनाथ हा सगुणाबाईंचा नवरा. मिठागरातले मीठ होडीने न्यायचे हे त्याचे काम, आणि होडी काठाला धरून ठेवायची हे माझे. ते दिवस कष्टाचे होते, पण समाधानाचे होते. चार वर्षांनी मात्र मिठाने माझे धागे पिंजले. गोपीनाथने नवा दोर आणला आणि मला घराच्या मेढीला, म्हणजे लाकडी खांबाला, टांगून ठेवले. कोणी रागावले नाही, कोणी टाकूनही दिले नाही, फक्त विसरले. विसरले जाणे काय असते, ते मला तेव्हा कळले.

त्या वस्तीतली मुले शाळेत जायची म्हणजे मिठागराच्या बांधावरून चालत जायचे, मग रेल्वेचे फाटक ओलांडायचे आणि पलीकडची शाळा गाठायची. बांधात एके ठिकाणी खाडीचे पाणी आत घेण्याची झडप होती, तिला उघाडी म्हणत. उघाडीजवळ बांध खचला होता. ओहोटीला तिथे नुसता चिखल असे, पण भरती आली की पाणी मोठ्या माणसाच्या गुडघ्याला आणि लहान मुलांच्या कमरेला लागे. एका पावसाळ्यात एक मुलगी तिथे घसरली. ती वाचली, देवाची कृपा. पण दुसऱ्या दिवसापासून कोणीच आपले मूल शाळेत पाठवीना.

तेव्हा सगुणाबाईंनी मला मेढीवरून काढले.

त्यांनी मला गोड्या पाण्यात भिजवले, उन्हात वाळवले आणि हात-हात अंतरावर बारा गाठी मारल्या. काथ्या मुलांच्या हाताला टोचू नये म्हणून प्रत्येक गाठीवर जुन्या लुगड्याची चिंधी शिवली. पहिल्या गाठीला मात्र जरीचा काठ लावला. मग त्या घरोघर गेल्या. "मी नेतंय, मीच आनतंय. तुमी फकस्त सकाली पोरांला जेवू घाला," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांचे रोजचे एक व्रत होते. सकाळी तुळशीला पाणी घालायचे, मुले शाळेत पोचवायची आणि परत घरी आल्यावरच स्वतः पाण्याचा घोट घ्यायचा. या व्रताचे त्यांनी कधी उद्यापन केले नाही.

फाटकावरचे हरिहरमामा आम्हाला पाहिले की म्हणत, "आली बघा सगुणेची मालगाडी. गार्ड कुठाय गार्ड?" मग शेवटच्या गाठीवरचा नऊ वर्षांचा नाथा ऐटीत हात वर करी. सगळ्यांत पुढे, जरीच्या गाठीवर, सहा वर्षांची शालू असे. ती सर्वांत लहान आणि सर्वांत अबोल. सगुणाबाईंच्या नजरेसमोर राहावी म्हणून तिला पुढची गाठ दिलेली होती.

आता मित्रांनो, पुढची गोष्ट नीट ऐका, कारण सगळे काही तिच्यावरच फिरले.

त्या मिठागरात मीठ मोजताना पहिल्या पाटीला एक म्हणत नसत. पहिली पाटी देवाची, तिला "लाभ" म्हणायचे आणि मोजणी तिच्यानंतर सुरू करायची. लाभ, एक, दोन, तीन. सगुणाबाईंचा हात मिठातच वाढलेला. त्या मुलेही तशीच मोजत. शालूच्या डोक्यावर हात ठेवून "लाभ", आणि मग एक, दोन करीत नाथाजवळ पोचल्या की "अकरा". बघता बघता शालूचे नावच लाभ पडले. कोणी विचारले, "काय गं, तुझे नाव काय?" तर ती गालात हसून म्हणे, "लाभ." तिला त्याचा फार अभिमान होता.

काही महिने असे सुखाने गेले. मग माघ महिन्यात सगुणाबाईंची लेक माजिवड्याला बाळंत व्हायची होती. सकाळी मुलांना सोडायचे काम गोपीनाथने घेतले, पण संध्याकाळी तो होडीवर असे. तेव्हा शाळेतल्या सुमतीबाई आपण होऊन पुढे आल्या. त्या नौपाड्यात राहत. नव्याच नोकरीला लागल्या होत्या, तिसरीचा वर्ग शिकवत. बोलणे मऊ, राहणी साधी, उपासतापास पाळणाऱ्या.

"तुम्ही निश्चिंत जा सगुणाबाई, मी रोज घरापर्यंत पोचवीन," त्या म्हणाल्या. "मुले किती आहेत?"

"अकरा," सगुणाबाई सवयीने म्हणाल्या. "आनि बाय, रोज तिथी बगा. तिथीची पाऊनपट केली का भरतीची येल निगते. आज पंचमी. पाच पाऊन, पावनेचार. त्या येलेला उघाडीवर जायाचा नाय."

सुमतीबाईंनी वहीत लिहून घेतले. मुले अकरा. तिथीची पाऊणपट. दोन्ही गोष्टी त्यांनी मनापासून लिहिल्या. मी तिथेच शेजारी पडलो होतो, पण दोराला वाचा नसते.

दोन दिवस ठीक गेले. त्या दोन्ही संध्याकाळी भरती उतरेपर्यंत शाळेत थांबावे लागले; मग अंधाराच्या घाईत मुले आपापल्या गाठी धरून बाईंनी मोजायच्या आधीच चालू लागली आणि बाई मागून आल्या. तिसऱ्या दिवशी अष्टमी होती. सहाला भरती, आणि शाळा सुटायची पाचला. उघाडी लवकर ओलांडायला हवी होती. तरीही त्या दिवशी बाईंनी फाटकाशी मुलांना थांबवून शिस्तीत मोजले. एक, दोन, तीन, करीत अकरा. वहीतला आकडा जुळला. पुढची जरीची गाठ मोकळी लोंबत होती. पुढे चालणाऱ्या मोठ्या माणसासाठी ती असावी, असे समजून त्यांनी ती आपल्या हाताला गुंडाळली.

मला मात्र त्या गाठीवर रोजची छोटी मूठ लागत नव्हती. शालू नव्हती.

तिचा पहिलीचा वर्ग चारलाच सुटे. मोठी मुले येईपर्यंत ती व्हरांड्यात बसे. त्या दिवशी ती गुंडाळून ठेवलेल्या बसकरांच्या मागे झोपून गेली होती.

शेवटून नाथा म्हणाला, "बाई, लाभ नाय."

सुमतीबाई मागे वळून हसल्या. "लाभ नाही कसा? चालण्याचासुद्धा लाभ असतो रे. आणि शिकण्याचा तर केवढा. चल बघू, पाय उचल."

मुले खुदकन हसली. नाथा गोंधळला. बाईंना उलट कसे बोलायचे, म्हणून तो पुढे चालू लागला. फाटक गेले, वस्तीची वाट लागली, बांध आला. उघाडी वीस पावलांवर राहिली आणि एकदम मी मागून ताणला गेलो. नाथा खाली बसला होता.

"उठ नाथा. पाणी चढते आहे."

"मी नाय येत. शालू नाय."

"शालू कोण?"

"लाभ," नाथा म्हणाला, आणि त्याला रडू फुटले. "फुडची गाठ तिची हाय. तुमी तीच धरलीय."

सुमतीबाईंनी आपल्या हाताकडे पाहिले. माझा वेढा त्यांनी हातावरून काढला. त्यांनी पुन्हा मोजले, या वेळी प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून. अकरा. मग त्यांनी विचारले, "सगुणाबाई कशा मोजतात?" आणि सगळ्या मुलांनी एका सुरात सांगितले, "लाभ, एक, दोन..."

समोर पाणी घोट्यापर्यंत आले होते. तेव्हाच ओलांडले असते तर अकरा मुले वेळेत घरी पोचली असती. मागे फिरले तर भरती उतरेपर्यंत वाट बंद. मुलांना तिथे एकटे ठेवून जाणे तर शक्यच नव्हते. बाईंनी क्षणभर डोळे मिटले, आपल्या देवाचे नाव घेतले आणि म्हणाल्या, "सगळे मागे फिरा. आपण तिला घेऊनच घरी जायचे."

कोणी कुरकुर केली नाही. मालगाडी उलटी फिरली, गार्ड इंजीन झाला.

शालू सापडली ती फाटकावर. जाग आली तेव्हा अंगण रिकामे होते, म्हणून ती एकटीच निघाली होती. हरिहरमामांनी तिला रुळांपाशी अडवून आपल्या बाकावर बसवले होते आणि पुढ्यात फुटाणे ठेवले होते. तिने एकही खाल्ला नव्हता. उजव्या हाताची मूठ गाठ धरल्यासारखी मिटलेलीच होती.

हरिहरमामा म्हणाले, "काय हो बाई, शाळेत गणित शिकवता ना? मग मोजायला फाटकवाला लागतो होय?"

सुमतीबाईंनी शालूला उचलून कडेवर घेतले.

भरतीमुळे आम्ही उघाडीच्या अलीकडे थांबलो. दिवेलागणीला गोपीनाथ होडी घेऊन शोधत आला. होडीत शालूची आई लक्ष्मी होती. दोन खेपांत मुले पलीकडे गेली. लक्ष्मीने शालूला छातीशी धरले आणि बाईंकडे न बघताच सांगितले, "उद्यापासून माजी पोर शालंत येनार नाय."

"चूक माझी आहे," सुमतीबाई सर्वांसमोर म्हणाल्या. "नाथाने मला सांगितले होते. मला शब्द कळला नाही, आणि मी पुन्हा विचारले नाही."

दुसऱ्या दिवशी जरीची गाठ मोकळीच राहिली. निरोप मिळताच दुपारी सगुणाबाई माजिवड्याहून चालत शाळेत आल्या. लेक सुखरूप सुटली होती, नातू झाला होता, पण चेहऱ्यावर त्याचा आनंद नव्हता. सुमतीबाई बोलायला लागल्या तोच त्यांनी थांबवले.

"तुमची एकलीची चूक नाय बाय. मी त्या पोरीला देवाची केली नि मोजनीतून काडली. देवाच्या पाटीला बी कोनीतरी मोजाला पायजे."

संध्याकाळी मुलांना पोचवून दोघी लक्ष्मीच्या दारात गेल्या. लक्ष्मी मासळी निवडत होती, तिने मान वर केली नाही. आत शालू पाटीवर रेघोट्या ओढत बसली होती आणि कान इकडेच होते.

"मी रोज सकाळी इथवर येईन, शालूला तुमच्या हातातून घेईन आणि संध्याकाळी तुमच्याच हातात देईन," सुमतीबाई म्हणाल्या. "सगुणाबाई दोर धरतील, मी मोजेन."

"नौपाड्याशी हितवर? रोज?" लक्ष्मी हसली, पण ते हसू गोड नव्हते. "चार दिस याल नि पाय दुकतील. बरा, उद्या पानी कवा भरंल, ता तरी सांगा."

"उद्या दशमी. दहा पाऊण, साडेसात. सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा."

लक्ष्मीने प्रथमच त्यांच्याकडे पाहिले. "मंग सकाली पानी कवा उतरंल?"

"साडेनऊपर्यंत."

"बगू," लक्ष्मी म्हणाली आणि पुन्हा मासळीकडे वळली. सगुणाबाईंनी मला गुंडाळून सुमतीबाईंच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "आजची रात तुमच्याकडं ठेवा."

मित्रांनो, शालू पुढे सातवी झाली. वस्तीतली दुसरी मुलेही शिकली. खचलेला बांध भरून निघाला, त्यावर मुरूम पडला आणि माझे काम संपले. शाळेने मला खुंटीवर जागा दिली आहे, त्यात मी तृप्त आहे. माझे मागणे एवढेच. तुमच्यातले एखादे मूल बोलत नसेल, मागे राहत असेल, तर त्याला गृहीत धरू नका. एखादा नाथा तुम्हाला काही सांगायला आला आणि त्याचे म्हणणे कळले नाही, तर हसून पुढे जाऊ नका. थांबून पुन्हा विचारा. आणि तुम्हीच नाथा असाल, तर मोठ्यांपुढे खाली बसायला भिऊ नका. दोर सगळ्यांना धरून ठेवतो, पण कोण सुटले ते त्याला सांगता येत नाही. ते माणसांनीच पाहायचे असते.

त्या दशमीची सकाळ मात्र सांगायची राहिली. नौपाड्यातल्या त्या लहानशा खोलीत सुमतीबाईंनी पहाटे स्नान केले, देवापुढे निरांजन लावले आणि शांतपणे पोथीचे एक पान वाचले. पाणी उतरायला साडेनऊ होणार होते. घड्याळात आठ वाजत होते. आई आत अजून जप करीत होती, तिला अडथळा नको म्हणून बाईंनी आवाज न करता मला खांद्यावर घेतले, दार हळूच ओढून घेतले आणि त्या कोपरीच्या वाटेला लागल्या.