मोहाखालचा दगड

माझा धाकटा भाऊ देवानंद गेल्या भाद्रपदात तापाने गेला. मागे पत्नी, एकोणीस वर्षांची मुलगी आचल आणि कुरखेड्याजवळच्या जंगलातील एक मोहाचे झाड राहिले. कागदोपत्री ते झाड कुणाचेच नाही; तथापि तीन पिढ्या त्याखालचा मोह आमचेच घर वेचते. हंगामातील पहिली परडी पितरांपुढे ठेवल्यावाचून घरात कुणी मोह तोंडात घालत नाही. या वर्षी त्या पितरांत देवानंद होता.

मी संस्कृत शिकविण्यात आयुष्य वेचले. अरण्याची वर्णने मला मुखोद्गत, अरण्य मात्र अपरिचित. देवानंदाचे उलट होते. धानाच्या कामातून सवड मिळाली की तो बायको-मुलीला घेऊन जंगल गाठी, आचलला पाखरांचे आवाज ओळखायला लावी, आणि परतताना अंथरुणाला खिळलेल्या आमच्या आईसाठी पिकली टेंभरे पानात बांधून आणी.

मोह वेचताना मात्र त्याचे वागणे मला खटके. सारे वाकून वेचीत आणि हा झाडाखालच्या सपाट दगडावर काठी धरून नुसता उभा. नजर नाल्याकडे, आणि मधून मधून एकेकाचे नाव घेऊन हाक. शेजारचा पत्रू त्याला डिवची.

"देवाभाऊ, सारे वाकून राह्यले अन् तू काऊन उभा? कंबर मोडली का तुही?"

"मी बुजगावणं आहो ना बाबा! बुजगावण्याले वाकता येते का?"

एकदा मी त्या दगडावर रुमाल अंथरून बसलो, तर त्याने मला हाताला धरून उठवले. "दादा, तू सावलीत बस. हे जागा माही आहे." मला तो अहंकार वाटला. मी कारण विचारले नाही.

आमच्या घरी भासऱ्याची मर्यादा कडक. धाकट्या भावाची बायको थोरल्याशी बोलत नाही. तोही तिचे नाव उच्चारत नाही. बावीस वर्षांत आचलच्या आईचा एक शब्दही मला थेट आला नव्हता. चहा हवा का, हे ती मुलीला विचारी आणि मुलगी मला.

चैत्रात मोह गळू लागला. पंधरा दिवसांपूर्वीच पलीकडच्या गावची एक बाई मोह वेचताना वाघाने नेली होती. मी आचलला परोपरीने सांगून पाहिले.

"बाबाची परडी राह्यली तं मी यंदा मोह खात नाई, मोठेबाबा," ती म्हणाली. "तुम्ही नका येऊ. मी अन् आई जातो."

दोघी एकट्या कशा जातील? सूर्य वर आल्यावर मीही काठी घेऊन त्यांच्याबरोबर निघालो. वाटेत प्रत्येक वाळले पान माझ्या छातीत वाजत होते.

झाडाखाली पिवळट फुलांचा सडा पडला होता. येथून लवकर सुटावे, एवढाच माझा विचार. "तिघे वेचू, म्हणजे झटकन आटपेल," असे म्हणून मीही वाकलो. आचलची आई पदर सावरीत पुटपुटली, "आचल, सांग ना त्यांले..." आचल वीसेक पावलांवर होती, तिला ऐकू गेले नाही. मला वाटले, पाण्याविषयी काही असेल. मी वेचीत राहिलो.

थोड्या वेळाने माकड खेकसले. एकदा, मग लागोपाठ. मग पाखरे गप्प झाली. आचलच्या पाठीमागचे झुडूप वारा नसताना हलले.

"भाऊजी, उभे राहा!"

तो आवाज मी ओळखला नाही. बावीस वर्षे तो माझ्यासाठी नव्हताच.

"दगडावर चढा! वाकला माणूस त्याले जनावर दिसते! हे रोज उभे राहत, ते काऊन?"

मी दगडावर चढलो. तेथून झुडपांच्या माथ्यावरून नाल्यापर्यंतचे सारे दिसत होते. वाळल्या गवतात दोन गोल कान होते. त्यांचा रोख आचलकडे. आयुष्यभर पाठ केलेल्या स्तोत्रांतील एक अक्षरही ओठांवर येईना. आली ती देवानंदाची रीत.

"आचल!" मी ओरडलो. "उभी राहा! पळू नको!"

"ओ, मोठेबाबा!" ती ताठ झाली. तिचा आवाज चिरकला होता.

पुढचे नाव आचलच्या आईचे; ते मी बावीस वर्षांत घेतले नव्हते. तेही घेतले.

"चंदाबाई!"

"ओ!"

मी काठी उंच धरली आणि पुन्हा पुन्हा दोन्ही नावे घेत राहिलो. प्रत्येक हाकेला ओ देत त्या दोघी पाठ न फिरवता एकेक पाऊल मागे सरकत झाडाच्या बुंध्याशी आल्या. माझी पापणी लवली असेल नसेल, तोच कान नाहीसे झाले. ते दिसत होते, तोवरच बरे होते. आता गवताचे प्रत्येक पाते संशयाचे झाले.

आम्ही तिघे बुंध्याला पाठ लावून कितीतरी वेळ उभे होतो. माकडे पुन्हा पाला खाऊ लागली. पाखरू बोलले. दूर पत्रूच्या घरच्या मंडळींचे बोलणे ऐकू येऊ लागले. तेव्हा आचलने परडीत पाहिले. ती अर्धीच भरली होती. चल म्हणायला मी तोंड उघडले.

"अर्धी परडी न्याची नाई," चंदाबाई मला म्हणाली. या वेळी तिने मुलीकडे पाहिलेही नाही. "तुम्ही फक्त उभे राहा, भाऊजी."

मी पुन्हा दगडावर चढलो. पाय अजून थरथरत होते. दगडावर उभे राहिलेल्या माझ्या भावाचेही ते कधी थरथरले असतील, हे मला तोवर सुचले नव्हते. मी हाका देऊ लागलो. आचल. चंदाबाई. आचल. चंदाबाई. मग सवयीने तिसरे नाव, माझ्या भावाचे, तोंडून गेले, "देवा!"

ओ आली नाही. त्या दोघींचे हात क्षणभर थांबले, आणि पुन्हा चालू लागले. मी नाल्याकडची नजर काढली नाही.