रविवारची डबी

रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं प्लंबरला रेडिओ म्हणत, आणि त्यात कुणी त्याच्यावर अन्याय करत होतं असं नाही. नळाचा वॉशर बदलायला त्याला पाच मिनिटं लागत आणि त्या नळाची कुळकथा सांगायला पाऊण तास. अशा माणसाला फादरांनी दर रविवारी चर्चमधली मिस्साची उपासना झाल्यावर आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसादाची छोटी पांढरी भाकर पोचवायला नेमलं, तेव्हा त्याच्या बायकोने दोनदा विचारलं, "नक्की यांनाच ना, फादर?" कारण या कामात एक मोठी अडचण होती. गळ्यातल्या पाकिटात ख्रिस्तप्रसादाची छोटी सोनेरी डबी असेपर्यंत, म्हणजे प्रभू सोबत असेपर्यंत, वाटेत कुणाशी गप्पा मारायच्या नाहीत. कुणी हाक मारलीच तर मान डोलवायची आणि पुढे व्हायचं. पहिल्या रविवारी तो चार घरं ओठ दाबून फिरला आणि परत आल्यावर दिवे लागेपर्यंत त्याची टकळी थांबली नाही.

आज मात्र गप्प राहणं त्याला जड गेलं नाही. शेवटचं घर बाईंचं होतं आणि तिथे काय करायचं, हे त्याला कळत नव्हतं.

बाई म्हणजे त्याच्या लहानपणीच्या धर्मशिक्षणाच्या बाई. पहिल्या कम्युनियनची, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याची, तयारी त्यांनीच करून घेतली होती. पुस्तकातल्या प्रार्थना त्या पाठ करून घेतच, पण तेवढ्यावर कुणाची सुटका नसे. घेण्याआधी दोन वाक्यं आणि घेतल्यानंतर दोन वाक्यं ज्याची त्याने स्वतःची म्हणायची, असा त्यांचा दंडक होता. प्लंबरने तेव्हा सायकल मागितली होती. बाई म्हणाल्या होत्या, "माग की. पण प्रभू घरी आलाय, आधी त्याला बस तरी म्हण."

त्याच बाईंना गेल्या दोन वर्षांत एकेक गोष्ट आठवेनाशी झाली होती. आधी रस्ते गेले, मग माणसं गेली, आणि आठ महिन्यांपूर्वी पोटची मुलगीही गेली. मुलगी समोरच होती, त्याच खोलीत खिडकीशी मशीन मांडून लोकांचे कपडे मापात बसवून देत होती. पण बाई तिला 'अहो' म्हणत आणि कधीकधी विचारत, तुम्ही इथे कधीपासून कामाला आहात? मागच्या रविवारी तर बाईंनी ख्रिस्तप्रसाद तोंडातून परत काढला, "बिस्कीट मऊ पडलंय" म्हणाल्या आणि बशीत ठेवून दिला. प्लंबरने तो स्वच्छ कापडात घेऊन चर्चमध्ये परत नेला आणि फादरांना सगळं सांगितलं.

फादरांनी बराच विचार केला. "जबरदस्ती नको," ते म्हणाले. "हे साधं खाणं नव्हे, एवढं त्यांना उमगलं तरी पुरे. शब्दांत सांगता आलं नाही तरी चालेल. उमगलं तर दे. नाहीतर प्रार्थना म्हण आणि परत ये."

ऐकायला सोपं, पण उमगलं की नाही हे ठरवायचं कुणी? तर ज्याला त्या वर्गात एकही उत्तर धड आलं नव्हतं, त्याने.

बाईंच्या मुलीने, ताईने, दार उघडलं. तिने टेबल पुसून पांढरं कापड अंथरलं होतं, मेणबत्ती लावली होती. बाजूला बाईंची सकाळची बिस्किटांची बशी तशीच राहिली होती. बाई खुर्चीत बसून मांडीवरच्या कापडाच्या चिंध्यांची नीट चळत लावत होत्या. प्लंबरने डबी कापडावर ठेवली, उघडली आणि गुडघा टेकला.

"बाई, हे काय आहे?"

बाईंनी वाकून पाहिलं. "पांढरं आहे," त्या म्हणाल्या.

"आई, नीट बघ ना," ताई पुढे झाली. "कोण आलंय? तूच तर शिकवायचीस. प्र... प्रभू..."

"बटण आहे का?" बाईंनी विचारलं आणि पुन्हा चिंध्यांकडे वळल्या.

प्लंबरने डबीचं झाकण हळूच लावलं. ताईचा चेहरा पडला.

"दादा, देऊन टाका. कोण बघतंय?"

"तसं नाही करता येत, ताई."

"मला विसरली, ते मी गिळलं. पण हेही गेलं तर तिच्याजवळ राहिलं काय?"

अडचणीत सापडला की त्याची जीभ सुटायची. त्याने फादर काय म्हणाले ते सांगितलं, मग ते नेमके कसे म्हणाले ते सांगितलं, मग आपल्या सासऱ्यांचं शेवटी कसं झालं ते सांगितलं. ताई म्हणाली, तुमचे सासरे राहू द्या. तो म्हणाला, मी आपला धीर द्यायला सांगतोय. ती म्हणाली, असला धीर नको मला. दोघांचे आवाज चढले. डबी समोर आहे, याचं भान दोघांनाही राहिलं नाही.

टेबलावर बोटाने टकटक झाली.

"पाहुणा समोर बसलाय," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही भांडता?"

आवाज वर्गातला होता. प्लंबर आपोआप ताठ झाला. बाईंनी मांडीवरच्या चिंध्या खुर्चीखाली ठेवल्या. मग बिस्किटांची बशी उचलून ताईच्या हातात दिली. "हे आत ठेवा. इथे नको." त्यांनी कापडाची सुरकुती तळहाताने सारखी केली, दोन्ही हातांनी केस मागे सारले आणि डबीकडे बघत राहिल्या.

"ये," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घर आवरलेलं नाही. माझं डोकंही आवरलेलं नाही. काय कुठे ठेवलंय, मला सापडत नाही. पण तू ये, बस."

प्लंबरला आता कुणाला काही विचारायची गरज उरली नव्हती. त्याने डबी पुन्हा उघडून ख्रिस्तप्रसाद उचलून धरला. बाई स्पष्ट 'आमेन' म्हणाल्या आणि त्यांनी तोंड उघडलं. ताईने पाण्याचा चमचा पुढे केला. बाईंनी नीट गिळलं, डोळे मिटले आणि हात जोडले.

ताई भिंतीला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. प्लंबर गुडघ्यावरच होता आणि त्याचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

मग बाई डोळे न उघडता बोलू लागल्या.

"आलास, बरं झालं. हा माणूस कोण, मला ठाऊक नाही. पण तुला घेऊन आला. त्याला सुखरूप घरी पोचव."

प्लंबरने मान खाली घातली.

"आणि ती मुलगी," बाई म्हणाल्या. पुढचा शब्द त्यांना लवकर सापडेना. "ती मशीनवर बसते ती. मला आंघोळ घालते, भरवते. मी तेच तेच विचारते, तरी कपाळाला आठी नाही. कुणाची कोण, पण माझं सगळं करते. तिची आई कुठे असेल तिथे तिला निरोप दे. म्हणावं, लेक फार गुणाची आहे तुझी. काळजी करू नकोस."

त्या थांबल्या. प्रार्थना संपली होती, आणि कुणीतरी 'आमेन' म्हणायला हवं होतं. प्लंबरने तोंड उघडलं, पण त्याला शब्द फुटेना.

शेवटी ताईनेच म्हटलं.