सातवं प्रकरण

"सातवं प्रकरण खोटं आहे, परब," नलिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पानावर तांबड्या पेन्सिलीची आडवी रेघ मारली.

नलिनीबाईंनी घाटकोपरच्या एका छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासली होती. त्यांच्यापुढे लपवाछपवी चालत नसे. जयवंत परब पूर्वी गिरणीत होता. संपात गिरणी गेली, तो नाहूरच्या एका कारखान्यात वॉचमन झाला आणि गेटवरच्या स्टुलावर बसून त्याने तीन वर्षांत संपावरची कादंबरी लिहून काढली. सहा वह्या.

"बाकीचं दुरुस्त होईल. विशेषणं निम्मी काढा. माणूस रागावला असं सांगू नका, त्याने काय केलं ते लिहा. संवाद मोठ्याने वाचा. जीभ अडखळेल तिथे खोडा. पण इथे बघा. चोरून कामावर जाणाऱ्या कामगाराला चौघं नाक्यावर गाठतात, त्याचा गुडघा फोडतात. त्याचं नाव त्यांना सांगितलं कोणी? 'कुणीतरी'! कपाच्या तुटक्या कानाचंसुद्धा वर्णन करता तुम्ही, आणि इथे नुसतं कुणीतरी?"

"मला नाही माहीत, बाई."

"मग शोधा. आणि लिहून झालं की तुमचं कौतुक करणार नाही अशा एका माणसाला वाचून दाखवा."

शोधायचं काय होतं? पानाच्या गादीवर उभं राहून जयवंतच त्या चौघांना म्हणाला होता, "आमच्या चाळीतला धोंडू जातो की रोज." त्या दिवशी त्याच्या घरी चूल पेटली नव्हती आणि तीन दारं पलीकडे धोंडूकडे बांगडे तळले जात होते. एवढंच. दुसऱ्या दिवशी धोंडूला शेजाऱ्यांनी उचलून घरी आणलं. हे जयवंतने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

त्याने 'कुणीतरी' खोडून 'मी' लिहिलं. मग हात थांबेना. आठ दिवसांत प्रकरण नव्याने झालं आणि भीती अंगात शिरली. मारणाऱ्यांपैकी एकजण अजून नाक्यावर बसायचा, "काय परब, झकास ना?" विचारायचा. जयवंत पानं बनियनच्या आत ठेवू लागला. गेटशी स्कूटर थांबली तरी दचकायचा.

"ताप आलाय का तुम्हाला?" बायकोने, अनुपमाने, कपाळाला हात लावून विचारलं.

"नाय गं."

कौतुक न करणारा माणूस कोण, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. रविवारी सकाळी तो धोंडूच्या दारात उभा राहिला. त्याने बनियनच्या आतली पानं बाहेर काढली.

"ये रे," धोंडू म्हणाला. एक पाय लांब करून तो खाटेवर बसला होता. त्याच्या बायकोने, जानकीने, जयवंतपुढे चहाचा कप ठेवला.

जयवंत वाचू लागला. पानाची गादी आली. बांगड्यांचा वास आला. 'मी नाव सांगितलं' हे वाक्य आलं तेव्हा त्याचा आवाज इतका बारीक झाला की जानकीने आतला स्टोव्ह बंद केला. तो थांबला नाही, थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. नाका आला, चौघं आले, गुडघ्यावर काठी बसली. पान संपलं. मान वर करायची त्याची हिंमत होईना. धोंडू आता ओरडेल, चाळ गोळा करेल, काय करेल?

"माका म्हायत होतां," धोंडू म्हणाला. "मार बसलो, त्याच दिवशी."

जयवंतने मान वर केली.

"आणि काठी नाय होती ती. सायकलची चेन होती. नीट लिव."

जयवंतने खिशातलं पेन काढलं. 'काठी' खोडून त्याने 'सायकलची चेन' लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. धोंडू वाकून, ते पुरतं लिहून होईपर्यंत बघत राहिला.

मग जानकी बाहेर आली. जयवंतपुढचा भरलेला कप तिने उचलला आणि मोरीत ओतला.