लावू का नको: फळीवरच्या शिशीची कैफियत

मी शिशी बोलतेय. कसली शिशी, ते मात्र लगेच विचारू नका, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. कारखान्यात मला भरणारे आफ्टरशेव्ह म्हणायचे. मलकापूरच्या दुकानात मला सेंटच्या रांगेत उभं केलं. वडनेर भोलजीला आले तर कुणी औषध म्हणालं, कुणी दाढीचं पाणी म्हणालं, आणि एका बाईनं तर मला असं भलतंच काही समजलं की माझं काचेचं अंगसुद्धा शरमेनं गरम झालं. आता मी जवळजवळ संपत आलेय, पण मी नक्की कोण हे मला आजही धड सांगता येत नाही.

दिसायला मी बरी होते हो. हिरवट निळं पाणी, डोक्यावर चंदेरी झाकण. पोटात काय काय आहे ते पाठीवर इंग्रजीत लिहिलेलं, इतकं बारीक की मुंगीलाही चष्मा लागावा. त्यातलं दुसरंच नाव अल्कोहोल. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आमच्या रांगेतल्या सगळ्यांच्याच पोटात ते होतं.

मला घेतलं पूनमनं. मलकापूरच्या एका मेडिकलमध्ये ती कामाला आहे. एका शनिवारी तिनं रेझर, ब्रश, क्रीमची ट्यूब आणि मी, असं सगळं एका खोक्यात भरलं आणि काळीपिवळी जीपनं गावी नेलं. "बाबा, आता घरीच दाढी करत जा," असं म्हणून खोकं वडिलांच्या हातात ठेवलं. मी शेवटची बाहेर निघाले. "अन हे दाढी झाल्यावर लावाचं," ती म्हणाली. शेषरावांनी मला उजेडात धरून पाहिलं आणि मान डोलावली. त्यांची बायको गोजरबाई दारातच तूर निवडत बसली होती. तिनं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

शेषरावांचं वय चोपन्न. या चोपन्न वर्षांत त्यांनी स्वतःच्या गालाला कधी पातं लावलं नव्हतं. हसू नका, त्यांच्या बरोबरीच्या अर्ध्या गावाचं तसंच आहे. दर रविवारी आणि गुरुवारी फाट्यावरच्या रज्जाकभाईंच्या खुर्चीत जाऊन डोळे मिटायचे, बस. पण यंदा रज्जाकभाईंचा हात थरथरायला लागला. लोकांनी काही म्हणायच्या आत त्यांनीच वस्तरा पेटीत ठेवला आणि दुकान पोराला मोबाइल दुरुस्तीसाठी देऊन टाकलं. आणि शेषराव ऐन म्हातारपणाच्या तोंडाशी नवशिके झाले.

पहिल्या दिवसाची दाढी मी फळीवरून पाहिली. बाप रे! अर्धी ट्यूब गालावर. फेस कानात, फेस मिशीत. रेझर उलटा धरला, मग सुलटा धरला, मग केसांच्या उलट्या दिशेनं असा ओढला की मीच डोळे मिटले असते, असते तर. हनुवटीवर दोन, गळ्यावर एक आणि नाकाखाली एक, अशा चार ठिकाणी कापलं. गोजरबाई धावत हळद घेऊन आली. "कापूस येचासारखी दाढी नसते काहो!" असं म्हणत तिनं हळद दाबली. पिवळ्या हनुवटीनं शेषराव मग बराच वेळ आरशात पाहत राहिले.

ती आत गेली तेव्हा त्यांनी मला उचललं. झाकण फिरवलं आणि नाकाशी नेलं.

मला वाटलं, आली आपली वेळ. पण शेषराव थांबले. मला नाकाशी धरून थांबले, थांबलेच. मग गडबडीनं झाकण लावलं आणि मला फळीवर ठेवलं, पार मागे, ट्यूबच्या आड. मी बुचकळ्यात पडले. वास आवडला म्हणावं तर लावलं नाही. आवडला नाही म्हणावं तर एवढा वेळ का घेतला?

दुसऱ्या खेपेला त्यांनी मला तळहातावर ओतलं. हात गालापर्यंत नेला, आणि तसाच खाली आणून न्हाणीत धुऊन टाकला. तिसऱ्या खेपेलाही तेच. असं दोन-तीनदा झाल्यावर माझं पाणी बोटभर खाली गेलं, पण त्या माणसाच्या गालाची आणि माझी काही भेट झाली नाही.

त्यांनी पूनमला फोन लावला. "काय वं पूनम, ते पानी लावाचंच असते का?"

"लावलं त बरं असते बाबा. जंतू मरतात."

"अन नाई लावलं त?"

"त नका लावू. आग झाली त नकाच लावू."

"मंग लावू का नको?"

"तुम्हाले वाटते तसं करा ना बाबा!"

घ्या. मग तिनं मोबाइलवर दोन व्हिडिओ पाठवले. एकात गुळगुळीत गालाचा पोरगा हिंदीत सांगत होता की याच्याशिवाय दाढी पुरीच होत नाही. दुसऱ्यात त्याच्याहून गुळगुळीत गालाचा पोरगा सांगत होता की याच्यानं कातडीचं वाटोळं होतं. शेषरावांनी दोन्ही व्हिडिओ दोन-दोनदा पाहिले. पाहणारा आधी जेवढा गोंधळलेला होता त्याच्या दुप्पट गोंधळला, आणि मी चौपट.

शेवटी त्यांनी मला सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि फाट्यावर रज्जाकभाईंकडे नेलं. मोबाइलच्या दुकानाबाहेर जुनी फिरती खुर्ची होती, तीत रज्जाकभाई चहा पीत बसले होते.

"काबे शेषराव, कोंबड्यानं टोचलं काय थोबाडाले?"

"मजाक सोड. हे सांग, लावाचं का नाई?"

रज्जाकभाईंनी थरथरत्या हातानं मला उघडलं, वास घेतला आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "कातडीचं इचारून राह्यला का दुसरं काई इचारून राह्यला?"

शेषरावांनी मला परत घ्यायला हात पुढे केला.

"याच्यात स्पिरिट हाये बे. मी कधी तुले लावलं का? तुरटीच फिरवली, सहा वरीस. काऊन ते तुलेही मालूम हाये अन मलेही. भाभीच्या नाकाले वास गेला त काय सांगशीन?"

मग दोघं जे बोलले, त्यावरून कुठं मला उलगडलं. सहा वर्षांपूर्वीपर्यंत शेषराव पीत होते. थोडंथोडकं नाही, पार रस्त्यात पडेपर्यंत. पूनमच्या दहावीच्या निरोप समारंभात ते तशाच अवस्थेत शाळेत गेले, आणि पोरीनं भर मांडवात वडिलांचा हात धरून त्यांना बाहेर नेलं. त्या संध्याकाळी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तेव्हापासून थेंब नाही. गोजरबाईनं त्यावर एक शब्द काढला नाही. फक्त एक रीत तेव्हापासून पडली. ते बाहेरून आले की ती पाण्याचा तांब्या स्वतः हातात देते आणि देताना अगदी जवळ येते. का येते, ते तिघांनाही ठाऊक. बोलत कुणीच नाही.

"फेकून दे," रज्जाकभाई म्हणाले.

"लेकीनं देल्लं राजा. तिनं माह्या हातात शिशी देल्ली. तिनं! तिले भेव नाई वाटलं. अन मी फेकू?"

 रज्जाकभाईंनी पेटीतून तुरटीचा खडा काढून दिला आणि चहा मागवला.

आता मला सांगा, यात माझा काय गुन्हा? मी दाढीची शिशी. पण त्या दिवसापासून मला माझ्याच पोटातल्या पाण्याची भीती वाटायला लागली. कारण दोन दिवसांनी, भर दुपारी, घरी कुणी नसताना, शेषरावांनी मला पुन्हा उघडलं. समोर आरसा नव्हता. रेझर नव्हता. मला नाकाशी धरलं, मग नाकाच्या जरा खाली धरलं. माझं तोंड आणि त्यांचे ओठ यांच्यात बोटभर अंतर. पितात की काय? मी ओरडले असते, पण शिशीला कुठला आवाज? त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मग एकाएकी त्यांनी झाकण असं आवळलं की ते तडकलं. मला मुठीत धरून ते तडक गोठ्याशेजारच्या खोलीत गेले आणि मला कुटाराच्या ढिगात खोल खुपसलं.

कुटार म्हणजे जनावरांच्या चाऱ्याचा भुसा. सगळं नाकातोंडात गेलं माझ्या. अंधारात पडल्या पडल्या मी विचार करत होते, की या माणसाला फळी आहे, कपाट आहे, पेटी आहे, मग इथंच का?

तिसऱ्या दिवशी गोजरबाई गाईसाठी टोपलं भरायला आली. तिचा हात भुशात गेला आणि माझ्यावर येऊन थबकला. बघायच्या आधीच तिला समजलं असावं. तो हात मी कधी विसरणार नाही. काच ओळखणारा हात होता तो. कारण याच ढिगातून, याच कोपऱ्यातून तिनं पूर्वी कितीतरी शिश्या बाहेर काढल्या होत्या.

तिनं मला उजेडात आणलं, पाणी किती कमी झालंय ते पाहिलं, वास घेतला आणि भुशातच मटकन खाली बसली. इंग्रजी तिला येत नव्हतं. पण दारू मिळाली नाही की माणसं काय काय घशाखाली ओततात, ते तिनं पाहिलेलं होतं. "देवा, पुन्हा?" एवढंच बोलली ती. रडली नाही. ते मला रडण्याहून वाईट वाटलं.

संध्याकाळी शेषराव वावरातून आले. त्या दिवशी तांब्या हातात मिळाला नाही. तो ओट्यावर ठेवलेला होता, आणि त्याच्या शेजारी मी.

"हे काय होय?" गोजरबाईनं विचारलं.

"दाढीचं पानी. पूनमनं आनलं ते."

"दाढीचं पानी कुटारात काऊन?"

 शेषराव हळूच म्हणाले, "हात तिकडंच गेला वं. जुनी सवय."

"अन कमी झालं ते कुठं गेलं?"

"हातावर घेतलं अन धुतलं. लावाची हिंमत नाई झाली." ते ओट्यावर बसले. "प्यालो नाई, गोजर. पोरीची आन. पन खोटं नाई सांगत, वास घेतला. लय वेळ घेतला. तोंडाले पानी सुटलं माह्या. सहा वरसानं मले माह्याच भेव वाटलं."

 गाय हंबरली तरी गोजरबाईनं तिकडं पाहिलं नाही.

"मंग सांगाचं होतं ना मले," ती शेवटी म्हणाली.

"काय सांगू? लावलं त तू वास घेशीन अन म्हनशीन, प्याला. नाई लावलं त पोरगी म्हनन, बाबाले आवडलं नाई. फेकलं त तिले वाटन, बाबाचा अजून भरोसा नाई. तूच सांग, लावू का नको?"

गोजरबाईची मान खाली गेली. "मी वास घेते, ते मालूम हाये तुम्हाले?"

"मालूम नसन काय? सहा वरीस झाले. तांब्या घेतानी मीच उलसाक, घडीभर थांबतो, तुले नीट घेता यावा म्हनून."

यावर मात्र तिला रडू फुटलं. पदर तोंडात धरून ती रडली, आणि शेषराव तिच्याकडं न पाहता वावराकडं पाहत राहिले, कारण पाहिलं असतं तर तेही रडले असते. मला वाटलं, आता मला उकिरड्यावर भिरकावणार. आणि खरं सांगते, मला ते चाललंही असतं.

"नाईच लावत," शेषराव म्हणाले. "याचा वास आला त प्यालो का नाई, तुले मंग काईच कयनार नाई. माह्या तोंडाले तुरटीच बरी."

गोजरबाईनं डोळे पुसले. मला उचललं, तडकलेलं झाकण काढलं आणि मला स्वतःच्या तळहातावर बदाबद ओतलं. किती घ्यायचं असतं ते तिला कुठं माहीत? दोन्ही हात चोळले आणि शेषरावांच्या दोन्ही गालांवर फाडकन दाबले.

"आई गंऽऽ! मेलो वं मेलो!" शेषराव ओट्यावरून उठून अंगणात नाचायलाच लागले. सकाळचीच दाढी होती ना, गळ्यावर ताजी जखम!

"नाई कयलं त नाई कयलं," ती म्हणाली. "मले नाई घ्याचा आता वास."

मग तिनं स्वतःचा तळहात हुंगला आणि नाक मुरडून म्हणाली, "एवढ्यासाठी तुम्हाले भेव वाटलं? वासाचं पानी हाये नुसतं." आणि हसली.

ही झाली माझी कहाणी. आता मी फळीवर पुढच्या बाजूला असते, तुरटीच्या खड्याशेजारी. शेषरावांचा हात बसलाय. पंधरा दिवसांत एखादंच कापतं. दाढी झाली की आधी गार पाणी, मग तुरटी, आणि फक्त रविवारी मी, तेही गोजरबाई ओतून देईल तेवढीच. झाकण उघडायचं काम तिचं. ते कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मला कळलं नाही. मी औषध आहे का, विष आहे का, की नुसतंच सुवासाचं पाणी, हेही कळलेलं नाही. बहुतेक ते शिशीवर ठरत नसावं.

माझ्या तळाशी आता दोन रविवार उरलेत. निरोप घेताना एवढंच मागणं आहे. मी रिकामी झाले की तेल भरा, फोडा, नाहीतर भंगारवाल्याला द्या. फक्त कुटारात ठेवू नका.

संध्याकाळी शेषराव वावरातून येतात. गोजरबाई तांब्या ओट्यावर ठेवते आणि मागं न पाहता चुलीकडं जाते. ती आता जवळ येत नाही. शेषराव तांब्या उचलतात, आणि पाणी प्यायच्या आधी अजूनही उलसाक थांबतात.