पुढून ओढणारी मोटार

गावात ज्याच्याकडे जीप, त्याला सुट्टी नाही, हे कारभारीला बारा वर्षं आधी कुणी सांगितलं असतं तर त्यानं बैलगाडीवरच भागवलं असतं. पण सांगणार कोण? ज्यांनी सांगायचं, त्यांनाच तर जीपमध्ये बसायचं होतं.

टेंभुर्णीच्या डांबरी रस्त्यापासून धामणवाडी साडेतीन किलोमीटर आत. ते साडेतीन किलोमीटर म्हणजे निव्वळ काळी माती. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात खळ. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या पहिल्याच ओढ्यापाशी बूड टेकून बसायच्या. कारभारीच्या जीपचं तसं नव्हतं. आतला दांडा ओढला की तिची चारही चाकं कामाला लागायची आणि ती गुरगुरत चिखलातून बाहेर पडायची. मग काय विचारता! साप चावला, कारभारी. लेकरू तापलं, कारभारी. कुणाची सासू अंगणात घसरून पडली, तरी कारभारीच. दवाखान्याच्या फेरीचं भाडं मागायचं नाही ही गावाची रीत, आणि नाही म्हणायचं नाही ही त्याहून जुनी. सख्ख्या मेव्हण्याच्या हळदीला हा पोचला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच्या बैलांचे खांदे चार वर्षं दुसऱ्यांनीच मळले. ताटावर बसला की दारात चप्पल वाजलीच म्हणून समजा.

"गाव तुमच्या मानंवर बसलंय, अन् तुमीच मान वाकवून देली," त्याची बायको नंदाबाई म्हणायची. तोंडाची फटकळ, पण खोटं बोलत नव्हती.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात जीप फार धूर ओकायला लागली, तेव्हा ती बदलायचं ठरलं. कारभारी सकाळी जालन्याला निघाला, तर चुलता रखमाजी आणखी दोघांना घेऊन आधीच जीपमध्ये बसलेला. बैल घ्यायला जाताना चार माणसं न्यावी लागतात, एकानं दात बघायचे, एकानं चाल बघायची. मग गाडी काय एकट्यानं घ्यायची असते? कारभारी मनातल्या मनात चरफडला. आपली गाडी आणि आपलीच पसंत नाही!

जालन्यात देवानंद जुन्या गाड्यांचा धंदा करायचा. त्यानं तीन गाड्या दाखवल्या. "ही जीप मागून ढकलती. डांबरीवर झकास, डिझेलबी कमी पिती. ही दुसरी चारी चाकांनी ओढती, तुमच्या जुनीवानीच. अन् ही छोटी मोटार, हिची फक्त पुढची चाकं ओढत्यात. मागची नुस्ती संगं जात्यात."

बाकीचे चार चाकांच्या जीपखाली वाकले होते. कारभारीनं आवाज उतरवून विचारलं, "ही छोटी आमच्या काळीत चालंल का?"

"पावसाळ्यात? बिलकुल न्हाई," देवानंद म्हणाला. "हिचं पोटच जमिनीला टेकतंय. हिला डांबरीवरच ठिवा."

ते ऐकून कारभारीला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटली. जी गाडी गावात येतच नाही, तिला बोलवायला कोण येणार?

"चारी चाकांचीच घे," रखमाजी जवळ येत म्हणाला. "इचार काय करून राह्यला?"

"काका, म्या ही छोटी घेतो."

"चिखलात येती का?"

"येती बराबर. इंजनाचा भार पुढच्या चाकांवरच असतोय, म्हणून पकड धरती. देवानंदच म्हणला."

भाराचं खरं होतं. बाकीचं त्यानं पदरचं घातलं. रखमाजीनं मोटारीचं पोट बघितलं, मग पुतण्याचं तोंड बघितलं. "बरं बाबा," तो म्हणाला. "तुझी पसंत."

मृगात मोटार पहिल्याच ओढ्यात रुतली. दोन बैलजोड्या लावून ती काढली आणि डांबरीच्या फाट्यावर चहाच्या टपरीशेजारी उभी केली. लोकांनी टिंगल केली, "कारभारीची मोटार नव्या नवरीवानी हाये, चिखलात पाय ठिवीना." कारभारीही हसला. त्याला काय, तो तर सुटला होता. दोन महिने तो गरम भाकरी शेवटपर्यंत जेवला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे स्वतः तूप-हळदीनं मळले. नंदाबाईनं तुपाची वाटी स्वतः आणून दिली, म्हणजे बघा.

पोळा होऊन चारच दिवस झाले होते. सकाळची न्याहारी चालली होती, आणि रखमाजी दारात आला.

"बेबीनंदाला कळा सुरू झाल्या. महिना आधीच. रगत जाऊन राह्यलंय."

बेबीनंदा रखमाजीची सून, पहिलटकरीण. कारभारी हातातला घास टाकून उठला. "काका, मोटार तर फाट्यावर..."

"फाट्यापस्तोर आपून नेऊ. तू खांदा दे, जल्दी कर."

बैलगाडीचे धक्के तिला सोसले नसते, म्हणून बाजेला दोन बल्ल्या बांधल्या. पुढे रखमाजी आणि त्याचा मुलगा, मागे कारभारी आणि एक शेजारी. प्रत्येक पावलाला पायाखाली दोन-दोन किलो चिखल चिकटायचा, तो झटकावा तर बाज हलायची आणि बेबीनंदा ओरडायची. जीपला जी वाट पाव तासाची होती, तिला अडीच तास लागले. "डांबर आलं का?" ती विचारायची. "आलंच बाई," कारभारी म्हणायचा. तिनं चारदा विचारलं. नंतर ती विचारायची थांबली, तेव्हा कारभारीला धडकी भरली आणि तो देवाला म्हणाला, मला वाटेल ती शिक्षा दे, हिला बोलू दे.

फाट्यावरून त्यानं मोटार अशी पळवली की काही विचारू नका. जाफ्राबादच्या दवाखान्यात बेबीनंदा वाचली. मुलगा झाला होता, पण तो रडलाच नाही. तासभर आधी आणायला पाहिजे होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले.

बाहेर ओट्यावर चुलता-पुतण्या बसले. दोघांच्या मांड्यांपर्यंत चिखल वाळला होता. कारभारी बोलला, "काका, देवानंद तसं म्हणला नव्हता. काळीत बिलकुल येणार न्हाई, असंच सांगितलं होतं त्यानं. म्याच खोटं बोललो."

"ठावं हाये," रखमाजी म्हणाला.

"ठावं होतं?"

"म्या काय आंधळा हाये? मोटारीचं पोट दिसलं होतं मला."

"मंग बोलले का न्हाईत?"

रखमाजीनं डोळे पुसले. "बारा वर्षं तू कुणालाच न्हाई म्हणला न्हाईस. म्हणलं, आता म्हणून राह्यला, तर म्हणू द्या. आपल्याच घरावर येईल, असं वाटलं न्हाई मला."

"शिव्या द्या काका," कारभारी म्हणाला. "मारा मला."

"कुणाला मारू? तुला मारू का मला?" रखमाजी गुडघ्यावर हात टेकत उठला आणि सुनेपाशी आत गेला.

कारभारी ओट्यावरच बसून राहिला. कुणीतरी यावं, ऊठ म्हणावं, गाडी काढ म्हणावं, असं त्याला फार वाटत होतं. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही.