तिसरा कोट

माझ्या भावाचं नाव विसराळू माणसांच्या यादीतून काढून टाकलं, कारण तो उत्तर पाठवायला विसरला. ही गोष्ट मी बिंगोच्या टेबलावर सांगितली तेव्हा बायका हसून हसून बेजार झाल्या. मीही हसले. का हसू नये?

झालं होतं असं. केल्विन माझा धाकटा भाऊ, पंचेचाळीस वर्षांचा. आमच्या ग्रिम्सबी बंदराच्या गोदीमागे माशांचं मोठं कोल्ड स्टोरेज आहे, तिथे तो माल उचलायची फोर्कलिफ्ट चालवतो. चार वर्षांपूर्वी त्याने कुठेतरी काहीतरी वाचलं आणि डॉक्टरला जाऊन सांगितलं की मला एडीएचडी असावा, माझं लक्ष लहानपणापासून एका जागी टिकत नाही. डॉक्टरने त्याला सरकारी तपासणीच्या रांगेत लावलं. चार वर्षांनी पत्र आलं : तुम्हाला अजून तपासणी हवी आहे का? चौदा दिवसांत कळवा, नाहीतर नको आहे असं समजून नाव काढू. केल्विनने ते पत्र हरवू नये म्हणून पावाच्या डब्यामागे नीट उभं करून ठेवलं. ते हरवलं नाही, हे खरं. सहा आठवड्यांनी तिथेच सापडलं.

"मग आता?" मी विचारलं.

"फोनवरची बाई म्हणाली, परत डॉक्टरकडे जा आणि पहिल्यापासून रांगेत लागा. सात वर्षं तरी धरा म्हणाली."

"बरं झालं. सात वर्षांत तुला तपासणी कशासाठी हवी होती तेच विसरशील. म्हणजे प्रश्नच मिटला."

तो हसला. माझ्या बोलण्यावर तो नेहमी हसतो. लहानपणी मी बोलले की तो रडायचा आणि रडला की मी जास्त चिडायचे, मग हळूहळू तो हसायला शिकला.

सात वर्षं थांबायला त्याला सवड नव्हती. नोव्हेंबरात त्याने कोल्ड स्टोरेजचं दार उघडं टाकलं आणि घरी निघून आला. सकाळपर्यंत अख्खी खोली भरून हॅडॉक मासा वाया गेला. त्याआधी दोन लेखी ताकिदी झाल्या होत्याच. साहेबांनी फेब्रुवारीतल्या पहिल्या सोमवारी चौकशी लावली. युनियनच्या माणसाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "तपासणीचा कागद आण, केल. कागद असला तर त्यांना तुला असं हाकलता येणार नाही. दाराला भोंगा बसवावा लागेल, नाहीतर दुसरं काम द्यावं लागेल. कागद नसला तर तू नुसता बेफिकीर माणूस, मग मी काही करू शकत नाही."

म्हणून केल्विनने मोटारसायकल विकली आणि खासगी दवाखान्यात वेळ घेतली. आयुष्यात मोटारसायकल ही एकच वस्तू अशी होती जी तो कधी कुठे विसरून आला नव्हता.

त्या दवाखान्याचा एक नियम होता. हा आजार मोठेपणी होत नाही, बारा वर्षांच्या आधीपासून असावा लागतो; तेव्हा तुम्हाला त्या वयात ओळखणाऱ्या घरच्या माणसाने फॉर्म भरून द्यायचा. केल्विनला त्या वयात ओळखणारं घरचं माणूस या जगात एकच उरलंय. मी.

आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता, मी एकोणीस. बाप त्याच्या कितीतरी आधी जहाजावर चढला होता, तो परत उतरलाच नाही. लीड्सला नर्सिंगला माझी जागा नक्की झाली होती, बॅग भरून दाराशी ठेवली होती. ती मी परत रिकामी केली. त्यानंतर लग्न नाही, काही नाही. सकाळी फिश फॅक्टरीत मासे कापायचे आणि संध्याकाळी या पोराचा एक मोजा शोधायचा. माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला क्लबमध्ये शेजारचा बर्नार्ड उभा राहिला आणि ग्लास उंचावून म्हणाला, "बेव्हने त्या पोराला माणूस केलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात केल्विनने. ती टाळी मी कमावलेली आहे, कोणी फुकट दिलेली नाही.

रविवारी तो जेवायला आला. रोस्ट खाताना तीनदा उठला, एकदा मीठ आणायला, एकदा मघाशी कशाला उठलो होतो ते आठवायला, आणि एकदा उगीचच.

"फॉर्म पोस्टाने थेट तुला येईल," तो म्हणाला. "मी बघायचा नाही, असा नियम आहे."

"बरं."

"बेव्ह, खरं ते लिही हं. माझी लाज राखायला जाऊ नकोस. मी कसा होतो तसं सगळं लिही. तूच शिव्या घालायचीस ना मला? त्याच लिही."

"शिव्या लिहायला जागा असते का त्यात?"

"असावी," तो हसत म्हणाला. मग हसू गेलं त्याचं. काटा ताटात ठेवून म्हणाला, "मला नुसतं कळायला हवंय गं. नोकरी राहिली तर उत्तमच. पण चाळीस वर्षं मी रोज ठरवतो की आज काही विसरणार नाही. रोज. मी मुद्दाम नव्हतो करत, एवढं कोणीतरी लिहून दिलं तरी बास."

मी त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

फॉर्म मंगळवारी आला. अठरा प्रश्न, प्रत्येकापुढे चार चौकटी : कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. मी चहा करून घेतला, चष्मा लावला. पहिला प्रश्न वाचला आणि पुढचे चाळत गेले. मूल ऐकत असूनही ऐकत नाही असं वाटायचं का? हातातलं काम अर्धवट टाकायचं का? सातवा प्रश्न होता, लागणाऱ्या वस्तू हरवायचं का?

तो आठ वर्षांचा असतानाची गोष्ट. पहिला कोट पोहण्याच्या तलावावर राहिला. दुसरा बसमध्ये. तिसरा मी दोन महिने जादा शिफ्ट करून घेतला होता, निळा, आतून लाल अस्तराचा. तो नऊ दिवस टिकला. त्या दिवशी मी त्याला स्वयंपाकघरात उभं केलं आणि म्हणाले, "आता कोट नाही. थंडी वाजली की आपोआप आठवेल."

जानेवारी होता. आमच्याकडे वारा समुद्रावरून सरळ येतो, मध्ये अडवायला काही नाही. तो स्वेटरवर शाळेत जायचा. पहिल्या आठवड्यात बाईंनी चिठ्ठी पाठवली. मी उत्तर दिलं, तीन कोट हरवलेत, चौथा तुम्ही देता का? त्यांनी खरंच कुणाचा तरी जुना कोट दिला. मी तो घडी घालून पिशवीतून परत पाठवला, त्याच्याच हातून. हा मधेच टाकेल म्हणून मी कोपऱ्यापर्यंत मागून गेले. तो त्याने टाकला नाही. छातीशी धरून नेला आणि परत देऊन आला.

एकविसाव्या दिवशी तो शाळेत कोसळला. न्यूमोनिया. अकरा दिवस हॉस्पिटलात होता. नर्सने विचारलं, "या मुलाचा कोट कुठाय?" मी तोंड उघडायच्या आत पलंगावरून आवाज आला, "मी हरवला. बेव्हची चूक नाही." नर्सने त्यालाच दटावलं. म्हणाली, "बहिणीला किती त्रास देतोस रे!"

बाकी कुणाला आता हे आठवत नाही. बाई वारल्या. बर्नार्ड तेव्हा आमच्या गल्लीत राहायलाही आला नव्हता.

मी पेन हातात धरून बसले होते. 'नेहमी'वर खूण करायची म्हणजे काय करायचं ते मला दिसत होतं. कुणीतरी शिकलेला माणूस ते वाचणार आणि लिहून देणार की या मुलाच्या हातात ते नव्हतंच. मग ते एकवीस दिवस काय होते? मी त्यांना शिस्त म्हणत आले. पोर मुद्दाम करतंय, आळशी आहे, लाडावलंय, म्हणून वळण लावते आहे. वळण लावण्यासाठी मी लीड्स सोडलं. आणि आता हे लोक मला सांगणार की वळण लावण्यासारखं तिथे काही नव्हतंच, आजारी लेकरू होतं आणि तू त्याला थंडीत उभं केलंस! मला राग आला. त्याचा आला, दवाखान्याचा आला, फॉर्म छापणाऱ्याचा आला. चाळीस वर्षांनी मोटारसायकल विकून माणसं माझा निकाल मागायला आली होती.

मी 'कधीच नाही'वर खूण केली. मग बाकीच्या सतरा प्रश्नांना पाच मिनिटंही लागली नाहीत. कधीच नाही, कधीच नाही. खाली 'आणखी काही सांगायचं असल्यास' होतं. तिथे मी लिहिलं, 'शांत, नीटनेटका मुलगा होता.'

पुढच्या आठवड्यात दवाखान्यातून फोन आला. इमोजेन नावाची नर्स होती, आवाजावरून लहान वाटली.

"तुमच्या उत्तरांबद्दल एक विचारायचं होतं. केल्विन म्हणतात की आठ वर्षांचे असताना त्यांनी तीन कोट हरवले, आणि कोटाशिवाय फिरल्यामुळे न्यूमोनिया झाला."

"न्यूमोनिया झाला होता. छाती नाजूक होती त्याची."

"आणि कोट?"

"होता की अंगात. निळा. आतून लाल."

"बरं. त्यांना तर अगदी स्पष्ट आठवतंय..."

"तो गोष्टी रचतो, बाळा. मनाने वाईट नाही, पण रचतो."

तिकडे टाइप केल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तुम्ही एकटीने वाढवलंत त्यांना, एकोणिसाव्या वर्षापासून. खरंच कमाल आहे तुमची."

"कुणीही केलं असतं," मी म्हणाले.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी केल्विन आला. मोटारसायकल नाही, म्हणून बसने. बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं. त्याने ओला कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला.

"नाही म्हणाले," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आत्ताची लक्षणं जुळतात म्हणे. पण बहिणीच्या सांगण्यावरून बालपणी काहीच त्रास दिसत नाही, म्हणून निदान करता येत नाही. ताण असेल, झोप बघा, असं लिहिलंय." त्याने कागद टेबलावर सरळ केला. "तू सगळीकडे 'कधीच नाही' लिहिलंस, बेव्ह?"

"खरं ते लिही म्हणालास ना?"

"पण मी हरवायचो ना गं वस्तू? डबा, वह्या?"

"सगळी पोरं हरवतात."

"आणि कोट?" तो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही, रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. हॉस्पिटलात बघायचा तसा बघत होता. "तिसरा कोट, निळा. मी हरवला होता ना? मग तू म्हणालीस... मी स्वेटरवर जायचो ना?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. चुकीची खूण केली, फोन करते, असं म्हणायला दहा सेकंद लागली असती. सोमवारच्या चौकशीला अजून दोन दिवस होते.

"काय डोक्यात घेऊन बसलायस?" मी म्हणाले. "कोट होता तुझ्या अंगात. तुझी छाती नाजूक होती."

त्याने मान खाली घातली. डोळे टेबलावर, बोटं कागदाच्या घडीवर. आत कुठेतरी एकेक गोष्ट उचलून बघत असल्यासारखा.

"मला तर अस्तरसुद्धा आठवतंय," तो हळू म्हणाला. "पण माझं डोकं हे असं. असेल बुवा. रचलं असेल मीच." मग मान वर करून हसला. "म्हणजे सगळ्यांना सांगत फिरलो मी, डॉक्टरला, त्या नर्सला, की तू मला थंडीत... सॉरी, बेव्ह. तुझ्याबद्दल असलं कसं बोललो मी? तू एवढं केलंस माझं."

"जाऊ दे."

"नाही, खरंच सॉरी."

"सोमवारी काय सांगणार आहेस?"

"काय सांगणार? आजार नाही म्हणे. म्हणजे तू म्हणायचीस तेच, आळशी आहे. तेच सांगेन." त्याने मला मिठी मारली, चहा घेतल्याशिवायच निघाला. साडेचारची बस गाठायची होती.

दार लागल्यावर मी कप उचलायला वळले. कोट खुर्चीवरच होता. खिशात घराची किल्ली आणि बसचा पास, दोन्ही.

खिडकीतून तो दिसत होता, बसथांब्यावर, शर्टाच्या बाह्यांवर हात चोळत. थांबा आमच्या दारापासून पन्नास पावलं आहे. दार उघडून हाक मारली असती तर त्याने ऐकली असती. तो खिसे चाचपायला लागला, आधी उजवा, मग डावा, मग परत उजवा. मग वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला. घराकडे मात्र एकदाही बघितलं नाही.

मी कोट उचलला, झटकला आणि खुंटीला अडकवला. थंडी वाजली की आठवेल त्याला.