घोंगडीचा काठ

सकाळी अंगदानं खंडोबाच्या देवळात बेल-भंडार उचलून लॉरीतला आपला अर्धा वाटा लिंबाजीला सोडला, आणि दुपारी तीच लॉरी दुरुस्त करायला तो तिच्याखाली शिरला. वालूरच्या पारावर बसलेल्यांना हसू आवरेना.

"काडीमोड झाला, तरी भांडी घासायलाय की रं!" पारावरून दत्तराव ओरडले.

अंगद पाना फिरवत राहिला. मित्राच्या गळ्यात आजारी गाडी बांधून आपण मोकळं व्हायचं, हे त्याला पटेना. भल्या माणसाला अक्कल जरा उशिराच येते.

लॉरी मूळची लष्करातली, पोलीस ॲक्शननंतर लिलावात निघालेली. तिच्यासाठी अंगदानं जमिनीचा एकुलता तुकडा विकला होता आणि लिंबाजीनं अर्धा कळप. लिंबाजीच्या आईनं, चतुराबाईनं, लोकर कातून दोन सारख्या घोंगड्या विणून घेतल्या. दोन्हींच्या काठाला तांबडा पट्टा. "माजी दोन लेकरं," म्हणाली आणि दोघांच्या खांद्यांवर एकेक टाकली. तेव्हापासून लॉरीनं सरकी वाहिली, मेंढरं वाहिली, वऱ्हाडं वाहिली. ब्रेकवर दोनदा पाय मारावा लागे, सायलेन्सर तारेनं बांधलेला, पण वाटेत तिनं कधी दगा दिला नाही.

यंदा येलदरीला धरणाचं काम निघालं, वाळू-खडी वाहायला गाड्या हव्या झाल्या, आणि नेमकी तेव्हाच ती रुसली. कोसभर पळायची आणि गुदमरून बंद पडायची. एक बिडी ओढून होईस्तोवर थांबलं की पुन्हा चालू. अंगदानं प्लग घासले, कार्बुरेटर खोलला, पेट्रोलची नळी काढून फुंकली. नळी दरवेळी साफ. शेवटी धरणावरच्या मुकादमानं दोघांना हाकलून दिलं.

"इंजिन गेलं गड्या," लिंबाजी म्हणाला होता. "तू लेकराबाळाचा माणूस हायस. वाटा मला दे, चार मेंढ्या घे. बुडालो तर मी एकटा बुडतो."

ते ऐकून अंगदाचे डोळे भरून आले होते. आता त्या डोळ्यांचीच त्याला लाज वाटणार होती.

टाकी तेवढी त्यानं आजवर उतरवली नव्हती, तिचे बोल्ट गंजून घट्ट बसले होते. आज त्यानं ते घासलेट घालून सोडवले. पेट्रोल बादलीत ओतलं, टाकी हलवली. आत काहीतरी लिबलिबलं. वाकड्या तारेनं ओढून काढलं तर लोकरीच्या कापडाचा बोळा. गाडी पळू लागली की तो नळीच्या तोंडावर ओढला जाई, थांबली की सुटून बाजूला होई. नळी साफ दिसणार नाही तर काय!

त्यानं बोळा उलगडला. काठाला तांबडा पट्टा होता.

अंगद धावत जाऊन सीटवरची आपली घोंगडी घेऊन आला. चारी कोपरे चाचपले. शाबूत होते. उरली लिंबाजीची घोंगडी. केसानं गळा कापतात म्हणे, इथं लोकरीनं कापला होता, आणि तीही चतुराबाईनं कातलेल्या. हाताशी दुसरी चिंधी नव्हती का रे मेल्या?

लिंबाजी आला तेव्हा बोळा चाकाजवळ पडला होता. त्यानं तो पाहिला. खांद्यावरच्या घोंगडीचा कापलेला कोपरा हळूच मुठीत धरला. अंगदाला वाटलं, आता पाया पडेल, निदान खोटं तरी बोलेल.

"देवाम्होरं सोडलायस वाटा," तो म्हणाला. "आता माघारी घेता येत न्हाई, अंगदा."

बोळा परत टाकीत कोंबावा, असं अंगदाला फार वाटलं. पण वाटा सोडताना 'गाडीचं वाईट चिंतणार न्हाई' असंही तो बोलून बसला होता, आणि ज्याला देवाचं भय तोच बांधला जातो. त्यानं टाकी चढवली, पेट्रोल ओतलं, हँडल मारलं. इंजिन सुरू झालं. रस्त्यावर तिला कोसाच्याही पुढं नेऊन आणली. एकदाही गुदमरली नाही.

लिंबाजीचा चेहरा उजळला. "उद्या येलदरीला येतूस का? डायवर तर लागंलच मला. रोजाचे पैसे देईन."

अंगदानं आपली घोंगडी नीट घडी करून त्याच्या हातावर ठेवली. वर तो ओला बोळा ठेवला.

"तुज्या मायला दे हे. म्हणावं, दोन लेकरांतलं एक मेलं."

"असं काय बोलायलायस—"

"कोणतं मेलं, ते तूच सांग तिला."

आणि तो घराकडं चालू लागला. मागं लॉरी धडधडत होती. गल्लीच्या वळणापर्यंत तो कान देऊन ऐकत राहिला, पण ती बंद पडली नाही.